कोळसा नेमका कोठे अडतो?



वीज गेली की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक म्हणजे महावितरणच्या नावाने चार शब्द. दुसरी अशी, की "कोळसा जमिनीत भरपूर आहे हो, पण काढू देत नाहीत." कोण काढू देत नाही? तर म्हणे कायदे, परवाने, पर्यावरणवाले आणि जमिनीला चिकटून बसलेले शेतकरी. हे बोलणे आम्ही गट ऑफिसच्या ओट्यावर बरेचदा ऐकले आहे. अलीकडे तुळिंज येथे मुंबईकर सभासदांच्या बैठकीसाठी जाणे झाले, तेथेही तेच ऐकले. "साहेब, चार गावं उठवली तर काय बिघडतं? राज्याला वीज तर मिळेल!" असे एक सभासद म्हणाले, आणि चारपाच जणांनी माना डोलावल्या. शहरातल्या माणसाने असे म्हटले तर समजू शकते. पण हे सगळे सात-बाराचे धनी. शेतकऱ्यानेच शेतकऱ्याला अडथळा म्हणावे हे आम्हाला रुचले नाही, म्हणून हा लेख.

ऊस विकास विभागाचा आणि कोळशाचा काय संबंध, असे कोणी विचारील. हिशेब करून पाहा. ५ अश्वशक्तीचा पंप तासाला पावणेचार युनिट वीज घेतो. रात्रीच्या पाळीत आठ तास चालला की ३० युनिट झाले. औष्णिक केंद्रात एक युनिट तयार करायला साधारण पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा जळतो. म्हणजे एका रात्रीच्या पाण्याला २० किलोच्या वर कोळसा लागला. वर्षात दीडशे रात्री पंप चालला तर तीन टन. सगळीच वीज कोळशाची नसते हे खरे, पण महाराष्ट्राची बरीच मोठी वीज आजही कोळशावरच निघते. तेव्हा आपला ऊस नुसते पाणी पीत नाही, कोणाच्या तरी शेताखालचा कोळसाही पितो. हे शेत कोणाचे, ते विचारायला नको का?

तुळिंजचेच पाहा. नालासोपारा पूर्वेला आज उभे राहिले तर चाळी, इमारती आणि रिक्षांची रांग दिसते. एके काळी हे गाव होते. वसई भागाच्या उसाचा उल्लेख जुन्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात आहे, हे आमच्या नव्या चिटबॉयांना सांगितले तर खरे वाटत नाही! तेथली जमीन कोणत्या भूसंपादन कायद्याने एका फटक्यात गेली नाही. गुंठ्यागुंठ्याने विकली गेली आणि गाव शहरात विरघळले. आता त्या शहराला पाणी लागते, ते येते सूर्या प्रकल्पातून. तो प्रकल्प डहाणू-पालघर भागातल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी म्हणून झाला होता, आणि ते पाणी शहरांकडे वळविण्यावरून तेथे वर्षानुवर्षे तक्रार आहे. वीज लागते, ती महावितरणची. म्हणजे तिचा कोळसा आणखी लांबच्या कोणाच्या तरी शिवारातला. आपली पोरे तेथे पोटासाठी गेली आहेत, त्यांचा दोष नाही. पण दिवा लावताना तो कोठून पेटतो एवढे ठाऊक असावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोळसा अडतो हे खरेच आहे. तो शेतकऱ्याच्या बांधावर अडतो का?

ऑक्टोबर २०२१ मध्ये कोळशाअभावी महावितरणला वीज देणारे १३ संच बंद पडले आणि सुमारे ३३३० मेगावॅटची तूट आली. तेव्हाची कारणे आठवा. खाणींत पावसाचे पाणी भरले होते, आयात कोळशाचे भाव भडकले होते आणि केंद्रांवर पावसाळ्यापूर्वी पुरेसा साठा केलेला नव्हता. यात जमीन न देणारा शेतकरी कोठेही नव्हता. गळिताच्या तोंडावर बारदान मागविले नाही तर साखर पडून राहते, आणि त्याचा दोष ऊसवाल्याला देत नाहीत.

त्याआधीचे मोठे प्रकरण २०१४ चे. १९९३ पासून सरकारने कंपन्यांना जे कोळसा पट्टे वाटले ते मनमानी पद्धतीने वाटले, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये ठरविले, आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी २१८ पैकी २०४ पट्टे रद्द केले. आपल्या महानिर्मितीला गुजरातच्या वीज कंपनीबरोबर ओडिशात मिळालेला माछाकाटा पट्टा त्यातच गेला. त्यावर आठ वर्षे खर्ची पडली होती, पदरात कोळशाचा खडाही आला नाही. हा खोळंबा वाटप करणाऱ्यांनी केला. शेतकऱ्याला तर त्या वाटपात कोणी विचारलेच नव्हते.

याचा फटका मात्र शेतकऱ्याला कसा बसतो ते आपल्याच राज्यात पाहता येते. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीजवळ बरांज येथे कर्नाटकच्या सरकारी वीज कंपनीला पट्टे मिळाले. बल्लारी येथील वीज केंद्रासाठी हा कोळसा. २००८ च्या सुमारास खाण सुरू झाली. जमिनी गेल्या, काहींना खाणीत नोकऱ्या लागल्या. न्यायालयाचा निकाल लागल्यावर मार्च २०१५ अखेर काम थांबले. पट्टा पुन्हा त्याच सरकारी कंपनीला मिळाला, तरी खाण चालू व्हायला २०२० चा शेवट उजाडला. मधली पाच-साडेपाच वर्षे ज्याची जमीन खड्ड्यात गेली होती त्याला ना पीक, ना पगार. गावाच्या पुनर्वसनासाठी त्यानंतरही आंदोलने करावी लागली. म्हणजे चंद्रपूरची जमीन आणि कर्नाटकचा दिवा!

आपण कर्नाटकला नावे ठेवायला मोकळे आहोत का? महानिर्मितीला २०१५ मध्ये छत्तीसगडच्या रायगढ जिल्ह्यात, तमनार तालुक्यात, गारे पालमा सेक्टर-२ हा पट्टा मिळाला. चंद्रपूर, कोराडी, परळी या आपल्या केंद्रांसाठी हा कोळसा. वर्षाला २३६ लाख टन काढायचा बेत आणि चौदा गावांचा प्रश्न. सप्टेंबर २०१९ मध्ये तेथे जनसुनावणी झाली आणि गावकऱ्यांनी ती मान्य नसल्याचे सांगितले. जुलै २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती रद्द केली, कारण सुनावणी नीट झाली नव्हती आणि आरोग्य व भूजल यांच्या अभ्यासाकडे पुरेसे लक्ष दिलेले नव्हते. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा मंजुरी आली, आणि २०२५ च्या जूनमध्ये बंदोबस्तात झाडे तोडायला सुरुवात झाली तेव्हा गावकरी पुन्हा रस्त्यावर. या नऊ-दहा वर्षांचा हिशेब मांडा. जी सुनावणी प्रामाणिकपणे घेतली असती तर काही महिन्यांत आटोपली असती, ती उरकून टाकल्यामुळे वर्षे गेली. छत्तीसगडची जमीन आणि दिवा आपला. बरांजचे उलटे चित्र.

जमीन घेण्याची रीत काय आहे, तीही सभासदांनी समजून घ्यावी. सरकारी कोळसा कंपनीसाठी जमीन घ्यायची तर १९५७ चा कोळसाधारक क्षेत्र कायदा लागतो. कलम ४ ची अधिसूचना म्हणजे येथे कोळसा शोधणार अशी सूचना. ती दिल्लीच्या राजपत्रात येते. आता तमनारला काय की वणीला काय, राजपत्र कोण वाचतो? नंतर दोन वर्षांत, मुदतवाढ घेऊन तीन वर्षांत, कलम ७, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा. त्यावर हरकतीला ३० दिवस. पुढे तीन वर्षांच्या आत कलम ९ ची घोषणा, आणि घोषणा प्रसिद्ध झाली की जमीन सरकारची. पैसे हातात पडले की नाही, हा प्रश्न मागाहून.

ही मुदत उसाच्या भाषेत मोजा. आडसाली लागण दीड वर्षाची, वर दोन खोडवे धरले की साडेतीन वर्षे झाली. कलम ४ लागलेल्या शेतात शेतकऱ्याने लागण करावी की नाही? विहीर खोल करावी, ठिबक टाकावे? मुलीचे लग्न या पिकावर ठरवावे की मोबदल्यावर? ना जमीन गेली, ना राहिली, अशा स्थितीत तो पाच-सहा वर्षे लटकतो. आपल्याकडे तोड चार आठवडे लांबली तर आमच्या ऑफिसात टेबलावर हात आपटले जातात, आणि ते रास्तच आहे. तिकडच्या माणसाने कोठे जाऊन हात आपटावा?

२०१३ चा नवा भूसंपादन कायदा आला तेव्हा खाजगी कंपनीसाठी ८० टक्के आणि भागीदारी प्रकल्पासाठी ७० टक्के बाधितांची संमती हवी, गावावर होणाऱ्या परिणामांची आधी तपासणी हवी, असे ठरले. पण १९५७ चा कायदा त्या अटींच्या बाहेर ठेवला गेला. मोबदल्याच्या व पुनर्वसनाच्या तरतुदी २०१५ पासून त्याला लागू झाल्या, ही चांगलीच गोष्ट. संमती मात्र नाही. म्हणजे भाव वाढला, विचारणा नाही ती नाहीच. ज्याला नाही म्हणण्याचा हक्कच ठेवलेला नाही त्याने जनसुनावणीत आवाज चढविला, की लगेच तो प्रगतीच्या आड आला म्हणायचे, हा कोणता न्याय?

सगळेच परवाने पवित्र आहेत असे आमचे म्हणणे नाही. एकच नकाशा पाच खात्यांना पाच वेळा द्यावा लागतो, एकाची फाईल दुसऱ्यासाठी थांबते, हे आम्हीही सरकारी कामात पाहिले आहे. कोळसा मंत्रालयाने २०२१ मध्ये परवान्यांसाठी एक खिडकी सुरू केली, ते योग्यच झाले. पण कागदाची दिरंगाई वेगळी आणि राखणदारी वेगळी. ताडोबाच्या वाघांच्या वाटेत लोहारा येथे खाण होणार होती. २००९-१० च्या सुमारास केंद्राने ती होऊ दिली नाही. तेथे नकार हाच योग्य परवाना होता.

आणि राखणदारीने वीज बंद पडते हेही खरे नाही. पालघर जिल्ह्यातच डहाणूचे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. चिकूच्या बागांचा तालुका, १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्याने धुरातला गंधक धुऊन काढणारे यंत्र बसवायला लावले. कंपनीने पुष्कळ वर्षे घेतली, पण शेवटी बसविले. वीज केंद्र बंद पडले नाही. (या केंद्राची वीज मुंबईच्या उपनगरांना जाते, तुळिंजला नाही. शेजारी असून उपयोग नाही, असे तेथील सभासद म्हणाले ते बरोबर.)

मग करावे काय? आमचे मत स्पष्ट आहे. खाणीसाठी जमीन कायमची काढून न घेता भाड्याने घ्यावी. कोळसा पंचवीस-तीस वर्षांत संपतो, पण सात-बारावरून उतरलेले नाव परत चढत नाही. भाडे दरवर्षी वाढावे आणि खड्डा भरून जमीन मूळ खातेदाराच्या नावावर परत यावी. हे अशक्य नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सौर प्रकल्पाला शेतकऱ्याची जमीन भाडेपट्ट्याने घेतात, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. मालकी शेतकऱ्याचीच राहते. सौर तावदानांना जे जमते ते कोळसा कंपनीला का जमू नये? शिवाय बाधिताला खाणीत भाग मिळावा. आपले कारखाने उभे राहिले ते ऊसवाल्याला भागधारक करून. त्याच्याकडून नुसता ऊस विकत घेतला असता तर तो फाटकाबाहेरच राहिला असता. आज कोळसापट्ट्यातला शेतकरी तसा फाटकाबाहेर उभा आहे.

आपल्या परीने करण्यासारखेही आहे. टनामागे पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस निघतो, आणि त्यावरच्या सहवीजनिर्मितीला कोणाचे गाव उठवावे लागत नाही. तो गळीत हंगामापुरता असतो, त्याने कोळसा सुटणार नाही, हे मान्य. तरी हंगामातले तेवढे युनिट कोणाच्या शेताखालून आलेले नसतात. तेव्हा सहवीजेच्या दराचा विषय वार्षिक सभेत निघतो तेव्हा सभासदांनी तो साखरेच्या भावाइतकाच लक्ष देऊन ऐकावा. वीज उपकेंद्राजवळ ज्यांची पडीक, खडकाळ जमीन आहे त्यांनी सौर भाडेपट्ट्याची चौकशी जरूर करावी. अर्ज कसा करायचा, कोणते उतारे लागतात हे आपापल्या गट ऑफिसात विचारावे. आमच्या विभागाचे लोक मदत करतील. येताना चालू सात-बारा आणि आठ-अ बरोबर आणावा, म्हणजे दुसरी खेप पडणार नाही.