पिशवीतला रंग आणि बाळाचे हात

झिपच्या पारदर्शक पिशवीत दोन चमचे पिवळा आणि दोन चमचे निळा रंग घालायचा, आतली हवा दाबून काढायची, झिपवर आणि चारही कडांवर रुंद चिकटपट्टी मारून पिशवी फरशीवर पक्की बसवायची आणि सहा-सात महिन्यांच्या बाळाला तिच्यापुढे पालथं घालायचं. बाळ तळव्याने थोपटतं, रंग सरकतो, दोन रंग मिसळतात तिथे हिरवा दिसू लागतो. हात कोरडे राहतात, फरशीही स्वच्छ. तरुण आईबाबांमध्ये हा प्रकार आता चांगलाच रुळला आहे. त्यावरचा आक्षेपही ठाम आहे: ज्या रंगाला बाळाचा हात लागलाच नाही, त्याला रंगवणं का म्हणावं? या आक्षेपात तथ्य आहे. तरीही पिशवीला एकदम बाद ठरवण्याआधी ती घरात का आली, ते पाहायला हवं.

मुलांना मनसोक्त राडा करू द्या, असा सल्ला सहज दिला जातो. तो देणाऱ्याला फरशी पुसायची असतेच असं नाही. भाड्याच्या घराची भिंत रंगली तर अनामत रकमेतून पैसे कापले जातात. दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाक, झोप आणि बाळाचा खेळ एकाच चटईवर चालतो. ज्या गावात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे बाळाचे माखलेले कपडे आणि चादर पुन्हा धुणं हा साधा खर्च नाही. आणि हे धुणंपुसणं बहुतेक घरांत आईच्याच वाट्याला येतं. रात्रभर जागलेल्या बाईला आणखी एक काम लावून वर त्याला बालविकास म्हणणं मला पटत नाही. शिवाय वैतागलेलं माणूस बाळाचा हात क्षणाक्षणाला पुसत राहतं, ‘अगं अगं, तिकडे नको’ करत राहतं. त्यापेक्षा शांत आईशेजारी पिशवीवर थोपटणारं बाळ कितीतरी सुखी.

दुसरं कारण तोंडाचं. या वयात हाताला लागेल ते तोंडात जातं, ती त्याची जग समजून घेण्याची रीतच आहे. त्यामुळे रंग कोणता, हा प्रश्न टाळता येत नाही. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झालं आणि खेळण्यांच्या मानकात बोटांनी रंगवायच्या रंगांसाठी वेगळा भाग आहे. युरोपच्या मानकात तर मुलांनी हे रंग चाटू नयेत म्हणून त्यांत कडू द्रव्य घालणं सक्तीचं आहे. म्हणजे सुरक्षित ठरवलेला रंगही खाण्यासाठी नसतो. डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं पाहून निर्धास्त होणाऱ्या पालकांनी एवढं लक्षात ठेवावं. पोस्टर कलर, रांगोळी आणि होळीचे रंग बाळापासून लांबच बरे. पूड तर श्वासातूनही आत जाते. पिशवी हा सगळा घोर एका झिपेत मिटवते.

तिसरा फायदा फारसा बोलला जात नाही. न रांगणाऱ्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पालथं खेळू द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. पुष्कळ बाळं पालथं घातलं की दोन मिनिटांत कुरकुरतात. समोर सरकणारा रंग असला की मान वर राहते, एका हातावर भार घेऊन दुसरा हात पुढे येतो. त्याच मार्गदर्शनात एक वर्षाखालच्या बाळाला मोबाइल-टीव्ही अजिबात नको, असंही म्हटलं आहे. मोबाइलऐवजी रंगाची पिशवी समोर आली, तर तिचं स्वागतच करायला हवं.

आता दुसरी बाजू. बाळाला चित्र काढायचं नसतं. मी दाबलं आणि काहीतरी बदललं, एवढा शोध त्याला पुरतो. पिशवी हा शोध देते, पण अर्धाच. प्लास्टिकच्या आड लाल आणि निळा हाताला सारखेच लागतात. ओलं, गार, बुळबुळीत, दाणेदार, वाळल्यावर कातडीवर ताणणारं, यातलं काहीही बोटांपर्यंत पोचत नाही. रेघ उमटते आणि लगेच बुजते, आपला माग मागे राहिल्याचं बाळाला दिसत नाही. नवव्या-दहाव्या महिन्याच्या आसपास अंगठा आणि तर्जनीची चिमट जमू लागते. तेव्हा तर बोटांना नाना प्रकारचा स्पर्श हवा असतो. गुळगुळीत प्लास्टिकवर चिमटीला धरायला काहीच नसतं.

बोटांनी रंगवण्याला वर्गात मान मिळवून देणाऱ्या अमेरिकन शिक्षिका रूथ फेसन शॉ यांना ही कल्पना सुचली तीच राड्यातून. १९२०च्या दशकात त्या रोममध्ये मुलांची शाळा चालवत. जखमेला आयोडीन लावायला गेलेल्या एका मुलाने ते न्हाणीघराच्या भिंतीवर फासून ठेवलं. शॉ यांनी त्या फासण्यातला मुलाचा आनंद ओळखला आणि मुलांना हाताळता येतील असे रंग तयार करायला घेतले. १९३४ मध्ये त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं. त्यांची मुलं शाळकरी होती, आपलं बाळ रांगतंही नाही, हा फरक मोठा आहे. पण फासण्याची ती ओढ मात्र वरणभाताच्या ताटलीत हात फिरवणाऱ्या बाळातही दिसते.

पिशवीचा धोकाही सांगायला हवा. पातळ प्लास्टिक तोंडानाकावर बसलं तर बाळ गुदमरू शकतं, सुटलेला चिकटपट्टीचा तुकडा घशात अडकू शकतो. बाळाला पिशवीपाशी सोडून फोन घ्यायला जाणं नको. खेळ झाला की पिशवी उचलून ठेवायची.

मला वाटतं, खरी वाट या दोहोंच्या मधली आहे आणि ती फार स्वस्त आहे. सगळ्यात आधी पाणी. बसू लागलेल्या बाळाच्या हातात जाड, न वापरलेला दाढीचा ब्रश द्यावा, समोर वाटीत थोडं पाणी आणि कडाप्प्याची लादी किंवा दगडी पाटी. ओलं होईल तिथे गडद डाग उमटतो, एप्रिलच्या उन्हाळ्यात बघता बघता वाळून जातो आणि पाटी पुन्हा कोरी होते. पुसायचं काहीच नाही. यात स्पर्श आहे, मागही आहे. बादली मात्र जवळ नको. बाळाला अगदी थोडं पाणीही घातक ठरू शकतं.

उष्टावण होऊन वरचं खाणं सुरू झालं की स्वयंपाकघरातले रंग. दह्यात बिटाचा कीस पिळला की गुलाबी, पालकाच्या रसाने हिरवा. ज्या पदार्थाची बाळाला आधी सवय झाली आहे तोच घ्यावा. मध एक वर्षाच्या आत कुठल्याही निमित्ताने नको. हळदीबद्दल सावधपणा हवा: रंग उठावदार दिसावा म्हणून तिच्यात शिशाचं संयुग मिसळल्याचं भारतात आणि बांगलादेशात आढळलेलं आहे, तेव्हा सुटी, पिवळीजर्द हळद बाळासाठी नको. बीट चाटलं तर दुसऱ्या दिवशी शी लालसर दिसते, घाबरू नये.

इथे घरातली आजी म्हणेल, अन्नाशी खेळ नको. हा आक्षेप मला मोलाचा वाटतो. जिथे अन्न मोजून शिजतं, तिथे दह्याची वाटी फरशीवर ओतणं शोभत नाही. पण त्यासाठी वाटी लागतच नाही. एक चमचा दही आणि कोशिंबिरीच्या बिटाचं उरलेलं पाणी पुरतं. कणीक मळताना नातवाच्या हाती गोळा देणाऱ्या आजीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तयार संच घेण्याचीही गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून शिक्षणाची साधनं घडवली. ती मुलं बाळांपेक्षा मोठी होती, पण साधन विकतचं असावं लागत नाही हे त्यांनी दाखवून दिलं. आणखी एक खटकणारी गोष्ट: फ्रेम करण्यासाठी बाळाचं मनगट धरून पंजाचा ठसा उमटवतात. त्यात बाळाचं काही नसतं, हवं तर आठवण म्हणून एकदा करावं.

माझा कौल असा: रोजच्या गडबडीत पिशवी जरूर वापरा, तिचा संकोच नको. पण तेवढ्यावर थांबू नका. जमेल त्या दिवशी पाण्याचा ब्रश द्या आणि आठवड्यातून एखाद्या वेळी, आंघोळीच्या अगदी आधी, न्हाणीघराच्या कोरड्या लादीवर लंगोटातल्या बाळाला दह्याच्या रंगात हात बरबटू द्या. तिथेच आंघोळ उरकते. पाच मिनिटं पुरेत, बाळ तोंड फिरवायला लागलं की खेळ संपला. आणि त्या दिवशी लादी धुण्याचं काम आईकडे न ठेवता बाबांनी, आजोबांनी किंवा घरात जे कुणी मोकळं असेल त्यांनी आपणहून घ्यावं.