कांद्याचं गिऱ्हाईक कुठं गेलं?

४ ऑक्टोबर २०१९. दिल्लीत भारत आणि बांगलादेशातल्या उद्योजकांचा मेळावा भरला होता. बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना इंग्रजीत भाषण करता करता एकदम हिंदीवर आल्या. तुम्ही कांदा का बंद केलात कळलं नाही, पण मी माझ्या स्वयंपाक्याला सांगून टाकलंय, आता जेवणात कांदा घालू नकोस, अशा अर्थाचं काहीतरी त्या बोलल्या. आधी थोडी कल्पना दिली असती तर बरं झालं असतं, हेही सुनावलं. सभागृहात हशा पिकला. पाचच दिवसांपूर्वी, २९ सप्टेंबरला, भारताने कांद्याची निर्यात थांबवली होती. पुढच्या महिन्यात ढाक्यात कांदा किलोला दोनशे टाक्यांच्या वर गेला आणि तिथल्या सरकारला तो चक्क विमानाने मागवावा लागला.

हशा ओसरला, पण टोमणा खरा होता. दुकान कधी उघडं असेल याचा भरवसा नसला की गिऱ्हाईक मुकाट्याने दुसरं दुकान धरतं. भांडायलाही परत येत नाही.

निर्यातबंदीला आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांत मुभा आहे. गॅट कराराचं अकरावं कलम एरवी आयात-निर्यातीवरच्या संख्यात्मक बंधनांना मनाई करतं, पण देशात अन्नधान्याची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती निर्यातबंदी चालते. अडचण ‘तात्पुरती’ या शब्दाच्या रोजच्या वापरात आहे. २०१९ची बंदी मार्च २०२०मध्ये उठली आणि त्याच वर्षी १४ सप्टेंबरला पुन्हा लागली.

सगळ्यात लांबलेला खेळ मात्र २०२३चा. त्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा आणला. भाव मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन हातात पडला दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. तेव्हा दिल्लीतून तातडीची कुठलीही अधिसूचना निघाली नाही. मग मार्चमध्ये अवकाळी आणि गारपीट झाली, भिजलेला उन्हाळ कांदा चाळीत टिकेना आणि ऑगस्टपर्यंत भाव चढणार अशी चिन्हं दिसू लागली. आता मात्र अधिसूचना निघाली. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरळ बंदी.

लासलगावच्या कांदा बाजारात अशा अधिसूचनेचा अर्थ कळायला अर्थशास्त्र लागत नाही. रांगेत उभ्या ट्रॅक्टरांमधून व्यापाऱ्यांचा घोळका पुढे सरकतो, मूठभर कांदा उचलून पाहतो, क्विंटलला बोली लागते. कालच्यापेक्षा बोली कितीने उतरली एवढंच शेतकऱ्याला दिसतं. माल पुढे खळ्यावर गेला की तिथे वांधा निघायची भीती वेगळीच. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, जास्त आहे, माल ओला आहे, म्हणजे आणखी कपात. ऑगस्टमध्ये शुल्क लागल्यावर नाशिक जिल्ह्यातले लिलावच बंद पडले. केंद्राने आणखी दोन लाख टन कांदा क्विंटलला २,४१० रुपयांनी घेण्याची घोषणा केली. तेव्हा उपमुख्यमंत्री असलेल्या देवेंद्र फडणवीसांनी ती बातमी जपानहून कळवली. कांद्याचं राजकारण किती दूरवरून करावं लागतं, त्याचा हा नमुना.

शुल्क कुणावर बसतं? कागदोपत्री निर्यातदारावर. पण परदेशातला खरेदीदार पाकिस्तान, इजिप्त, चीन, तुर्कस्तान यांचेही भाव विचारत असतो. तो चाळीस टक्के जास्त देत नाही. मग निर्यातदार तेवढी रक्कम आपल्या खरेदीतून कापतो, म्हणजे ती अखेर ट्रॅक्टरवाल्याच्या बोलीतून जाते. मे २०२४मध्ये बंदी उठली तेव्हाचा हिशेब पाहा. किमान मूल्य टनाला ५५० डॉलर, त्यावर ४० टक्के म्हणजे २२० डॉलर. दोन्ही मिळून किलोमागे साधारण ६४ रुपये झाले, जहाजभाडं वेगळंच. बंदी उठली खरी, पण दार किलकिलंच राहिलं.

त्याआधी एप्रिलमध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी देऊन केंद्राने महाराष्ट्रात चांगलाच भडका उडवला होता. दोनच दिवसांत सहा देशांना ९९,१५० टन कांदा पाठवायला मुभा असल्याचा खुलासा करावा लागला. २० मे रोजी नाशिक आणि दिंडोरीत लोकसभेचं मतदान झालं. दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या. दिंडोरीत तर केंद्रीय राज्यमंत्री पडल्या. केवळ कांद्याने त्या पडल्या असं म्हणणं सोपं आहे, पण कांदा त्यात नव्हता असं म्हणायची हिंमत निफाड-येवल्यात कुणी करणार नाही.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. हातावर पोट असणाऱ्याला शंभर रुपये किलोचा कांदा परवडत नाही आणि १९९८ला दिल्लीच्या निवडणुकीत महाग कांद्यापायी सत्ताधाऱ्यांच्या झालेल्या पराभवापासून कुठलाही पक्ष कांद्याला भितो. पण महागाई मोजण्याच्या २०१२ पायाभूत वर्षाच्या निर्देशांकात कांद्याचं वजन होतं ०.६४ टक्के. आणि ग्राहक कांद्यासाठी एक रुपया मोजतो तेव्हा शेतकऱ्याच्या पदरात सुमारे ३६ पैसे पडतात, असा अंदाज रिझर्व्ह बँकेच्याच २०२४च्या एका अभ्यासात आला. उरलेल्या ६४ पैशांकडे बंदरावरची बंदी बघतही नाही. साठवण, वाहतूक, नासाडी, मधली माणसं हे सगळं तसंच राहतं. बंदीचा एकच गुण आहे, तो म्हणजे ती एका सहीने होते.

नुकसान आकड्यांत दिसायला वेळ लागला नाही. २०२२-२३मध्ये भारताने २५ लाख टनांहून अधिक कांदा बाहेर पाठवला. २०२३-२४मध्ये तो १७ लाखांवर आला. त्याच्या पुढच्या वर्षी बंदी मेच्या सुरुवातीलाच उठली होती, सप्टेंबरात किमान मूल्य गेलं, शुल्कही २० टक्क्यांवर उतरलं, तरी निर्यात साडेअकरा लाख टनांच्या आसपासच अडकली. १ एप्रिल २०२५पासून उरलंसुरलं शुल्कही गेलं. दार सताड उघडलं तेव्हा बाहेर पूर्वीइतकी गर्दी नव्हती.

बांगलादेशाने मधल्या काळात स्वतःचा कांदा वाढवला. भारत ऐन वेळी हात आखडतो हे वारंवार अनुभवल्यावर कोणताही देश दुसरं काय करणार? २०२५च्या बऱ्याच काळात ढाक्याने भारतीय कांद्याला आयात परवाने अगदी हात राखून दिले, कारण आता त्यांना त्यांच्या शेतकऱ्याचा भाव सांभाळायचा होता.

शेजारी देश ज्या बियाण्यावर कांदा पिकवतात त्यातलं बरंचसं भारतातूनच जातं, अशी निर्यातदारांची तक्रार आहे. ज्यांनी कांद्याच्या निर्यातबंदीविरुद्ध वर्षानुवर्षं दिल्लीचे उंबरठे झिजवले, त्यांच्याच संघटनेने आता केंद्राकडे नवी मागणी केली आहे: कांद्याच्या बियाण्याची निर्यात बंद करा.