रामदासला ‘आपली टायटॅनिक’ म्हणणं बंद करा

दरवर्षी १७ जुलैच्या आसपास फॅमिली ग्रुपवर तोच फॉरवर्ड येतो. ‘भारताची टायटॅनिक: रामदास बोट’, खाली रडका इमोजी. यंदा मी वैतागून लिहिलं की हे नाव देऊ नका. काकाला राग आला. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

देवनारला आमच्याकडे आजी राहते. तिचा चुलता गिरणीत होता, गाव पोयनाडजवळ. १९४७च्या गटारीला तो गावी निघाला आणि पोचलाच नाही. तो रामदासवर होता असं घरच्यांनी धरून चाललंय. तसं सांगणारा कागद मात्र कुठेच नाही. मध्यंतरी आजीने विचारलं, तुझ्या त्या मोबाईलात त्याचं नाव सापडतंय का बघ. टायटॅनिकच्या थर्ड क्लासमधल्या माणसाचं नाव, वय, धंदा, तो कुठे चढला, हे सगळं मला दोन मिनिटांत मिळालं. रामदासचं काय मिळालं? मृतांचा आकडा, तोही एक नाही. सव्वासहाशेपासून सातशेच्या पुढेपर्यंत, जो लेख उघडाल तो वेगळा.

सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट रेवसला जायची होती. काशाच्या खडकाजवळ, भर पावसाळी वाऱ्यात ती कलंडली. बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबईला कळेपर्यंत दुपार उलटली होती. त्याआधी माणसं पाण्यातून काढली ती रेवसच्या कोळ्यांनी. आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. ११ नोव्हेंबर १९२७ला एकाच दिवशी ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ बुडाल्या होत्या. बोटींना संतांची नावं द्यायची, की भाविक कोकणी माणूस बिनघोर चढतो. हे मार्केटिंग आजच्या स्टार्टअपला लाजवेल.

टायटॅनिक १९१२ला बुडाली आणि १९१४ला देश एकत्र बसले. प्रत्येकाला लाइफबोटीत जागा, वायरलेसवर चोवीस तास माणूस, असे नियम लिहिले गेले. युद्धामुळे ते रखडले, पण विसरले गेले नाहीत. तुलना करायचीच असेल तर इथे करा. जहाज किती मोठं, मेले किती, यात काय ठेवलंय?

रामदासचे वारस बरेच झाले. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’, नव्वदीतली गोव्याची कॅटामरान, आता मांडव्याची रो-रो. दर वेळी बोट बदलली, फोटो छान आले. पण १८ डिसेंबर २०२४ आठवा. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली. परवाना ८४ प्रवाशांचा, बोटीवर शंभरावर माणसं. आणि बोटीत नेमके किती होते हा आकडा त्या संध्याकाळी बातमीगणिक बदलत होता. रामदासनंतर ७७ वर्षांनी!

काका म्हणतो, गर्दी लोकच करतात. करतात ना. गटारीला घरी जायचंय, दुसरी बोट नाही, तर काय करतील? पण गर्दी मोजणं हे लोकांचं काम नाही. मी ज्यावर पोट भरतो ते सॉफ्टवेअर पार्सलं मोजतं. चारशे रुपयांचा चार्जर गोदामातून निघाला की कुठल्या टेम्पोत, किती वाजता, कोणाच्या सहीने, सगळं नोंदलं जातं. टेम्पो उलटला तर आत काय होतं ते पाच मिनिटांत सांगता येतं. हे करायला फार हुशारी लागत नाही, मी स्वतः केलंय. जेट्टीच्या दारात एक स्कॅनर, यादीची एक प्रत किनाऱ्यावर, आकडा भरला की दार बंद. एवढंच.

नीलकमलनंतर लाइफजॅकेटची सक्ती झाली, छायाचित्रं निघाली. मी काही महिन्यांनी मुद्दाम एका लाकडी लाँचने गेलो. लाइफजॅकेट मिळालं, बक्कल तुटलेलं. माझं नाव कोणी विचारलं नाही. परतीला दाराशी उभा राहून मीच माणसं मोजायला लागलो, तर तिकीटवाला म्हणाला, “साहेब, आत सरका, मागे लोक आहेत.”

ते तिकीट पाकिटात आहे. त्यावर पैसे छापलेत, तारीख पुसट आहे, नावाची जागाच नाही.