कॅमेऱ्यात न मावलेली वाट

गेल्या आठवड्यात रात्रीची जेवणं आटोपल्यावर आमच्या घरी एक छोटेखानी समारंभ झाला. डिसेंबरात भाचा आणि मी पाठीवर सॅक टाकून रतनगड ते हरिश्चंद्रगड असे चार दिवस चालून आलो होतो. त्या भटकंतीची भाच्याने तयार केलेली चित्रफीत टीव्हीवर लावायची होती. ताई, भावजी, आमची मंडळी, शेजारची दोन मुलं आणि खुर्चीत अण्णा, असा प्रेक्षकवर्ग जमला.

चित्रफीत सुरेख झाली होती यात शंका नाही. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळावरचं कोवळं ऊन, भंडारदऱ्याचं पाणी, रतनगडाचं नेढं आणि शेवटी कोकणकड्याच्या पोटात उतरणारा सूर्य. मागे बासरी. चार दिवस चार मिनिटांत संपले. दिवे लागले आणि ताई म्हणाली, "एवढंच ना? मग पुढच्या वेळी आम्हीही येतो. हे तर चपला घालूनसुद्धा जमेल!"

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. कारण त्या चार मिनिटांत कात्राबाईच्या खिंडीतली संध्याकाळ कुठेच नव्हती.

प्रवरेच्या खोऱ्यातून मुळेच्या खोऱ्यात उतरायचं तर कात्राबाईची खिंड ओलांडावी लागते. रतनवाडीहून वाट दाट झाडीत शिरते आणि खिंडीपलीकडे कुमशेतकडे उतरते. दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळी निघालो. दुपारी तीनपर्यंत कुमशेत गाठायचं, असा हिशेब होता. पण या हिशेबात कॅमेरा धरलेला नव्हता. माणूस पाठमोरा चालत दूर जातोय, असं एक साधं दृश्य घ्यायचं तर आधी तिकाटणं उभं करायचं, मग शंभर पावलं चालत जायचं, परत येऊन कॅमेरा उचलायचा आणि पुन्हा तीच शंभर पावलं टाकायची. एकच वाट तीनदा चालायची! असं दिवसातून वीस वेळा झालं. खिंडीत पोचलो तेव्हाच उन्हं कलली होती. उतरताना एका ढोरवाटेने आम्हाला चकवलं. नकाशा मोबाईलमध्ये, बॅटरीही मोबाईलचीच, आणि तो तर दिवसभर चित्रण करून मान टाकून बसलेला. दोघांत मिळून अर्धी बाटली पाणी उरलेलं. त्या घसाऱ्यावरून अंधारात, एकाच छोट्या टॉर्चच्या उजेडात आम्ही दीड तास चाचपडत उतरलो. भाचा दोनदा घसरला. खाली कुत्री भुंकल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

यातलं काहीच चित्रफितीत नाही. कसं असणार? जीव मुठीत धरून उतरताना कुणी चित्रण करत नाही. मला वाटतं, गोची इथेच आहे. या चित्रफिती खोटं दाखवतात असं नाही. दाखवलेलं सारं खरंच असतं. खोटेपणा असतो तो गाळलेल्या भागात. दमछाक गाळली जाते, तहान गाळली जाते, चुकलेली वाट तर हमखास गाळली जाते. उरतो तो कडा आणि सूर्यास्त. पाहणाऱ्याला वाटतं, गाडीतून उतरलं की समोर कडाच. म्हणून मग पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्यांकडे माणसांचा लोंढा जातो. पायात स्लीपर, हातात मोबाईल आणि पाठीवर काहीच नाही. जुलै २०२४ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कुंभे धबधब्यापाशी चित्रीकरण करताना एक तरुणी दरीत पडून मरण पावली. कुणाला दोष देण्यासाठी हे आठवलेलं नाही. त्या खिंडीत आमचीही तीच गत व्हायला फारसं काही कमी नव्हतं.

मग कॅमेरा घरीच ठेवावा का? वडीलधारी मंडळी लगेच म्हणतील, आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं! पण त्या रात्री खुर्चीत बसलेल्या अण्णांकडे माझं लक्ष गेलं होतं. त्यांना आता जिनासुद्धा चढवत नाही. पडद्यावर नेढं आलं तसे ते पुढे सरसावले. "इथून वारा काय घोंगावतो रे!" एवढंच म्हणाले. तरुणपणी ते तिथे बसले होते. चित्रफितीमुळे ते पुन्हा एकदा तिथे जाऊन आले. हे पुण्य कॅमेऱ्याच्या पदरात टाकलंच पाहिजे.

नोंद करून ठेवण्याची हौस तशी जुनीच. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडावरून गोल इंद्रधनुष्य पाहिलं. समोरच्या धुक्यात आपलीच सावली आणि तिच्याभोवती रंगांचं कडं. आपण त्याला इंद्रवज्र म्हणतो. त्याने केलेलं वर्णन १८३५ साली प्रसिद्ध झालं. त्याच्याजवळ कॅमेरा नव्हता. आधी डोळे भरून पाहायचं आणि मग लिहायचं, हा क्रम त्याला चुकवताच आला नसता. आपण मात्र तो क्रम उलटा केला आहे. आधी टिपतो आणि पाहायचं घरी गेल्यावर!

चित्रफितीत आणखीही एक गोष्ट नाही. त्या रात्री कुमशेतच्या ज्या घरी आम्ही टेकलो, तिथल्या आजीने चूल पुन्हा पेटवून नागलीची भाकरी आणि पिठलं वाढलं. सकाळी भाच्याने कॅमेरा काढला तशी तिने पदर तोंडावर ओढला. त्यानेही शहाण्यासारखा कॅमेरा खाली घेतला. मग तीच म्हणाली, "काढ बाबा. पर समदे नेत्यात फोटू, आणून कुनी देत न्हाई." नातवाला मांडीवर घेऊन ती ताठ बसली. एकच फोटो काढला. माझ्या मते चार दिवसांतलं तेच सर्वांत चांगलं चित्र. पण ते हलत नव्हतं, म्हणून चित्रफितीत बसलं नाही.

आता पुढच्या मोठ्या भटकंतीचा बेत चालू आहे. नाणेघाट ते भीमाशंकर. सातवाहनांच्या काळातला शिलालेख असलेल्या गुहेपासून निघायचं आणि जीवधन, ढाकोबा, दुर्ग, आहुपे करत भीमाशंकरला पोचायचं. भाच्याने पहिल्या बैठकीला जी यादी आणली ती दृश्यांची होती. सूर्योदय कुठे, कडा कुठे, ढग कुठे. मी तिच्याशेजारी दुसरी यादी मांडली. पाणी कुठे आहे आणि डिसेंबरात कुठलं टाकं भरलेलं असतं? मुक्कामाचं गाव कुठलं, तिथे आधी कुणाला कळवायचं? अंधारापूर्वी दोन तास शिल्लक राहतील असा टप्पा किती? वाट सोडून उतरायची वेळ आली तर कोकणात उतरणारी जवळची वाट कुठली? भारतीय सर्वेक्षण खात्याचा कागदी नकाशा पसरला. त्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. पण उंचीच्या रेषा जिथे एकमेकींना खेटून येतात, तिथे हाच अर्धा किलोमीटर तासभर खातो, हे त्याला बोटाने दाखवलं. पोरगा गंभीर झाला.

चित्रणाचेही नियम ठरले. चित्रणासाठी दिवसाचा एकच तास. उताराला आणि कड्याच्या धारेला कॅमेरा सॅकमध्ये. टॉर्च दोघांकडे वेगळी. आणि जिथे वाट चुकेल, पाय दुखतील, पाणी संपत येईल, तिथे सुरक्षित जागी थांबून तेवढं मात्र टिपायचंच. पाहणाऱ्याला कळू दे, त्या सूर्यास्ताची किंमत काय पडली ते. ताईला खरंच यायचं असेल तर तिने ही दुसरी चित्रफीत पाहावी. नंतर बूट घेऊन द्यायला मी तयार आहे.

बेताच्या वहीत पहिल्या दिवसासमोर अजून नाणेघाट लिहिलेलं नाही. नाणेघाटापासून तसा तो फेराच, पण तिथे लिहिलंय: राजूरमार्गे कुमशेत, आजींना फोटो देणे. फोटो छापून, लाकडी चौकटीत बसवून तयार आहे.