वेलांटीची चूक, अर्थाचा अनर्थ

केंद्र शासनाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मात्र चौकाचौकांतील फलकांवर आजही ‘हार्दीक शुभेच्छा’, ‘आशिर्वाद’ आणि ‘दिपावली’ सुखेनैव नांदत आहेत. एका वेलांटीने काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांनी ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील अंतर पाहावे. पहिला म्हणजे दिवस, दुसरा म्हणजे दरिद्री! ‘वर्धापन दीन’ लिहिणारी संस्था स्वतःचेच दैन्य जाहीर करीत असते. शुद्धलेखनाचे नियम १९६२ पासून शासनमान्य आहेत. उणीव आहे ती आस्थेची. मुले शाळेप्रमाणे रस्त्यावरही वाचायला शिकतात. म्हणूनच फलकाचा मजकूर छापण्यापूर्वी जाणत्या शिक्षकाकडून तपासून घ्यावा. दर्जा दिल्लीने दिला. तो राखणे मराठी माणसाच्याच हाती आहे.