‘वय झालंय’ म्हणणारे डॉक्टर

‘आता वय झालंय तिचं, किती दिवस ओढणार?’ हे वाक्य गेल्या तीन महिन्यांत मी मिरजेतल्या दोन वेगवेगळ्या दवाखान्यांत ऐकलं. दोन्हीकडे मांजरीचं वजन केलं नाही, तोंड उघडून पाहिलं नाही, पाणी किती पिते हे विचारलं नाही. पिशवीतूनच एक नजर, बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन, कसलं तरी टॉनिक आणि हे वाक्य. एकाने ३०० रुपये घेतले, दुसऱ्याने ५००. मांजर १५ वर्षांची आहे हे मीच त्यांना सांगितलं होतं. तेच परत ऐकायला पैसे मोजले.

म्हाताऱ्या मांजराचं मूत्रपिंड निकामी होत जातं, थायरॉइड वाढतं, रक्तदाब चढून एका रात्रीत डोळे जातात, हिरड्या सुजून खाणं सुटतं. यातल्या प्रत्येकाला नाव आहे, तपासणी आहे आणि बहुतेकांवर औषधही आहे. हे सगळं ‘वय’ या एका शब्दात कोंबलं की डॉक्टरला तपासायचं काही उरत नाही. गिऱ्हाईकही गप्प बसतं, कारण वयापुढे कोण बोलणार?

आणि हे कुठे, तर मिरजेत. १८९४ साली वानलेस साहेबांनी इथे इस्पितळ काढलं, १९६२ला सरकारी मेडिकल कॉलेज आलं. बेळगाव-विजापूरकडून आजही लोक सतरंजी, डबे घेऊन इथे उपचाराला येतात. आमच्या अम्मीला कुणी डॉक्टर ‘वय झालंय’ म्हणाला असता, तर मामूंनी त्याच रात्री दवाखाना बदलला असता, आणि गल्लीने त्यांना शहाणं म्हटलं असतं. मांजरीच्या रक्ताची नळी घेऊन मी फिरले तर दोन लॅबवाल्यांनी हात जोडले, तिसऱ्याने ‘कुणाला सांगू नका’ म्हणत मशीनला लावली. क्रिएटिनिन ४.१. म्हणजे मूत्रपिंडाच्या आजाराच्या चार टप्प्यांपैकी तिसरा. मांजराचं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर मूत्रपिंडाचं बरंचसं काम आधीच थांबलेलं असतं, म्हणून तर म्हाताऱ्या जनावराची तपासणी आजारी पडण्याआधी करायची असते. पण कमी फॉस्फरसचं खाणं, कातडीखाली सलाईन, रक्तदाबाची छोटी गोळी, एवढ्यावर अशी मांजरं महिनोन्‌महिने, काही तर वर्षभराहून जास्त जगतात, खातात, गच्चीवर ऊन खात पडतात. दोन दवाखान्यांनी हा काळ ५ मिनिटांत पुसून टाकला होता.

यात पैशाचं गणित आहे, ते सरळ बोलू. लहान पिल्लात धंदा आहे. लस, जंताचं औषध, गोचिडाचं औषध, शाम्पू, गळ्यातला पट्टा, परदेशी खाण्याचं पाकीट. म्हाताऱ्या जनावरात वेळ जातो. अर्धा तास बोलावं लागतं, मालक रडतो, पुन्हा पुन्हा फोन करतो आणि शेवटी जनावर जातंच. लॉकडाऊनमध्ये आमच्या मोहल्ल्यात घरोघरी पर्शियन मांजरं आली. २०२० सालची ती पिल्लं आता अर्ध्या वयाला पोचलीत. पर्शियन जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, हे विकणारा सांगत नाही. लस टोचणाराही सांगत नाही. आणखी चार-पाच वर्षांनी ही सगळी मांजरं एकदमच म्हातारी होतील, आणि तेव्हाही टेबलापलीकडून हेच वाक्य येईल.

सरकारी दवाखान्यात का जात नाही, असं विचारणारे असतात. तिथल्या डॉक्टरांवर माझा राग नाही. श्रेणी १ असो की श्रेणी २, ते दवाखाने गाय, म्हैस, शेळीसाठी उभे राहिले आणि तसेच असायला हवेत. शेतकऱ्याची म्हैस अडली असताना डॉक्टरने माझ्या मांजरीचे दात बघावेत असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? १९६२ नंबरची फिरती गाडीसुद्धा मुख्यतः शेतकऱ्याच्या जनावरांसाठीच आहे. (श्रेणी २ला बऱ्याच ठिकाणी पदवीधर डॉक्टर नसतो, पदविका झालेला पर्यवेक्षक असतो, हेही कित्येकांना ठाऊक नसतं.) पण मग शहरातल्या जनावरांचं काय, या प्रश्नाला शासनाकडे ‘खाजगीत जा’ एवढंच उत्तर असेल, तर त्या खाजगीवर नजर ठेवणं तरी शासनाचं काम आहे की नाही?

कायदा आहे. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या पदवीधरालाच हा व्यवसाय करता येतो, आणि पदविकाधारकाने किरकोळ उपचार करायचे तेही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. राज्याची परिषद नागपूरला आहे. मिरजेपासून नागपूर किती लांब, ते नकाशात बघा. एका दवाखान्यात मी नोंदणी क्रमांक विचारला, तर सुई हातात घेतलेला मुलगा हसला आणि म्हणाला, ‘सर सांगलीला असतात, मी सगळं करतो.’ सगळं म्हणजे काय काय? भूल देणंसुद्धा? केमिस्टकडे औषध देणाऱ्याला आपण एकवेळ सर्टिफिकेट विचारू, पण जनावराला टोचणाऱ्याला विचारणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं.

याची किंमत जनावर चुकवतं. तापलेल्या मांजराला पॅरासिटामॉलची अर्धी गोळी द्या, असं सांगणारे काउंटरवर आजही भेटतात. मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, एक गोळीही जीव घेऊ शकते. सांधे धरलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला माणसाची डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन दिली, तर पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड बसतं. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक २००६ साली बंद झालं ते गिधाडं मरत होती म्हणून. माणसाची पट्टी तर घरोघरी कपाटात पडलेली असते, तिला कोण बंदी घालणार?

आता आपल्या माणसांकडे वळते. रिपोर्टची गोष्ट कळल्यावर नात्यातल्या एका गृहस्थांनी मला दारात थांबवून विचारलं, ‘आपा, बिल्ली के वास्ते इत्ता पैसा?’ एवढ्यात दोन यतीम पोरांची फी भागली असती, असंही वर ऐकवलं. याच गृहस्थांनी मागच्या ईदला मुलीसाठी १२ हजारांचं पर्शियन पिल्लू आणलं होतं. तेव्हा यतीम कुणाला आठवले नव्हते. पिल्लू विकत घेताना हौस आणि म्हातारपणी औषध घेताना इस्राफ, हा हिशेब मला कळत नाही. यतीमांची फी भरायलाच हवी, ती कुणी अडवली आहे? पण ती मांजरीच्या औषधातूनच का कापायची? लग्नातल्या तिसऱ्या गोड पदार्थातून का नको?

मांजराचे दाखले आपल्याकडे कमी नाहीत. अबू हुरैरांचं नाव, मांजरीला कोंडून मारणाऱ्या बाईची हदीस, दर शुक्रवारी व्हॉट्सॲपवर लाल बदामासकट येतात. त्या हदीसमध्ये दोष कशाचा आहे, ते नीट पाहा. त्या बाईने खाऊही घातलं नाही, आणि स्वतःचं खाणं शोधायला मोकळंही सोडलं नाही. म्हणजे कोंडलं त्याच्यावर जबाबदारी आली. आज आपण तिसऱ्या मजल्यावर जाळी लावून मांजर पाळतो. तिला गवत सापडणार नाही, गार कोपरा सापडणार नाही, वैद्य तर नाहीच नाही. तिचं जे व्हायचं ते आपण पिशवीत घालून कुठे नेतो यावर आहे.

कुत्र्याचं नाव काढलं की आपल्यात वेगळीच कुजबुज सुरू होते. पण राखणीचा कुत्रा मळ्यावर ठेवणारी मुसलमान घरं या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि त्यांचे कुत्रेही म्हातारे होतात. मीरासाहेबांच्या दर्ग्यात ज्यांची मजार आहे, त्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा टिपू मियाँ नावाचा कुत्रा सुरात सूर मिसळायचा, असं मिरजेत अजून कौतुकाने सांगतात.

एक नाजूक मुद्दा राहतो, ‘सुई देऊन सोडवू या’चा. दुसऱ्या दवाखान्यात हा सल्ला मला रक्त न तपासताच मिळाला. वेदना आवरत नसतील तर काय करावं यावर उलेमांत मतं वेगळी आहेत, ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या माणसाला विचारावं. माझं भांडण त्या घाईशी आहे. वेदना किती आहे हे न पाहता, एकही औषध करून न बघता जो डॉक्टर मरणाची सुई सुचवतो, त्याला माझ्या मांजरीची दया आली असं मी मानत नाही. त्याला पुढचं गिऱ्हाईक दिसत होतं.

चांगला डॉक्टर मिळाला तो ओळखीतून, बोर्डावरून नाही. उदगीरच्या कॉलेजातून शिकलेला पोरगा, दिवसा आजूबाजूच्या गावांत म्हशी बघतो, संध्याकाळी घराच्या पडवीत मांजरं-कुत्री. पहिली गोष्ट त्याने काय केली, तर बाळाच्या वजनकाट्यावर मांजर ठेवली आणि आकडा वहीत लिहिला. २ किलो ६००. मग हिरड्या पाहिल्या, पाण्याचं विचारलं, रक्त काढलं ते यानेच. डोळ्यांबद्दल मात्र म्हणाला, ‘मॅडम, हे मला नीट कळत नाही, शिरवळच्या कॉलेजात दाखवा.’ मला कळत नाही, असं म्हणणारा मला भेटलेला हा पहिलाच. शिरवळ इथून दीडशे किलोमीटरच्या पुढे. मूत्रपिंडाची मांजर एवढा प्रवास दर महिन्याला करू शकत नाही. परळच्या कॉलेजाला तर १८८६ पासूनचा इतिहास आहे, पण तोही मुंबईकरांच्या कामाचा. या कॉलेजांनी तालुक्याच्या डॉक्टरला आठवड्यातून एक तास फोनवर सल्ला दिला तरी खूप होईल. नोंदणीकृत डॉक्टरांची तालुकावार यादी मराठीत नगरपालिकेच्या भिंतीवर लावायला तर कागद आणि खळच लागते.

या पोराकडे मांजराचा रक्तदाब मोजायचं यंत्र नाही. म्हणाला, दहा वर्षांवरची ३० जनावरं नेमाने येणार असतील तर घेतो, आणि गुरुवारची संध्याकाळ फक्त त्यांच्यासाठी ठेवतो. गल्लीतून, शाळेतल्या सहकाऱ्यांकडून, ब्राह्मणपुरीतल्या दोन आज्यांकडून मी नावं गोळा करतेय. काल रात्रीपर्यंत २१ झाली, त्यात ४ कुत्रे आहेत आणि त्या गृहस्थांच्या आईची एक जुनी देशी मांजरही.