शिरस्त्राणाचा उपयोग

२७ जुलै २०११ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका विलक्षण प्रश्नाचा निकाल दिला. चित्रपटातील काल्पनिक सैनिकाच्या डोक्यावरचे पांढरे शिरस्त्राण हे शिल्प मानावे, की ती केवळ उपयोगाची वस्तू समजावी, असा तो प्रश्न होता.

हे शिरस्त्राण १९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्टार वॉर्स’ या विज्ञानपटातील. त्यातील ‘स्टॉर्मट्रूपर’ नावाचे सैनिक दुष्ट साम्राज्याचे पाईक असून त्यांचे चेहरे पांढऱ्या मुखवट्याआड दडलेले असतात. चित्रकार राल्फ मॅक्वॅरी यांनी ही आकृती प्रथम रंगविली. निक पेंबर्टन यांनी मातीत तिचा नमुना घडविला. त्यावरून लंडनमधील ट्विकनहॅम येथील अँड्र्यू एन्सवर्थ यांनी प्लास्टिकची ५० शिरस्त्राणे करून दिली. याच चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांना ऑस्कर मिळाले. पुढे अनेक वर्षांनी एन्सवर्थ तशीच शिरस्त्राणे विकू लागले, तेव्हा चित्रपटाचे निर्माते न्यायालयात गेले. शिल्प ठरल्यास शिरस्त्राणाला दीर्घकाळ स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळणार होते. न्यायालयाने म्हटले, की खरी कलाकृती चित्रपट ही होय. शिरस्त्राण हे तो घडविताना उपयोगी पडलेले साधन आहे.

कायद्यापुरता प्रश्न तेथे मिटला. परंतु अशा शिरस्त्राणाचा एक निराळाच उपयोग त्याआधीच अमेरिकेतील एका कुटुंबाने अनुभवला होता.

दक्षिण कॅरोलायना राज्यातील आल्बिन जॉन्सन यांना १९९४ साली मोटारीचा भीषण अपघात झाला आणि पुढे त्यांना एक पाय गमवावा लागला. कृत्रिम पायाने चालणाऱ्या माणसाकडे लोकांची नजर प्रथम कोठे जाते, हे सांगावयास नको. जॉन्सन यांना बालपणापासून या पांढऱ्या सैनिकांचे वेड होते. १९९७ साली जुने चित्रपट नव्याने पडद्यावर आले, तेव्हा त्यांनी संपूर्ण चिलखत जमवून ते अंगावर चढविले. आत पाय कोणता खरा आणि कोणता कृत्रिम, हे बाहेरून कोणालाच कळत नव्हते. एकट्या सैनिकाकडे लोक थट्टेने पाहत; मित्रानेही तोच वेश करून सोबत दिली, तेव्हा मात्र प्रेक्षकांचा नूर पालटला. त्यातूनच त्यांनी अशा हौशी लोकांचे एक पथक उभे केले. ‘५०१वे लिजन’ हे त्याचे नाव. आज जगातील अनेक देशांत त्याचे सभासद आहेत.

या पथकात प्रवेश मिळविणे सोपे नाही. चित्रपटातील मूळ वेशाशी सभासदाच्या वेशाची छायाचित्रांवरून तुलना होते. पट्टा, मोजे, शिरस्त्राणावरील रेघा, सारे जुळावे लागते. त्यामुळे सुटे भाग कोठून मिळविले, तरी अखेर घरीच बसून ते कापावे, घासावे आणि स्वतःच्या अंगाला बेतावे लागतात. या कामी महिनेच्या महिने जातात.

शिरस्त्राण करण्याची मूळ रीत अशी. आधी मातीचा किंवा प्लास्टरचा साचा घडवितात. प्लास्टिकचा पत्रा तापवून मऊ झाला, की तो साच्यावर ताणून खालून हवा शोषून घेतात; पत्रा साच्याला घट्ट बसतो. कित्येक हौशी कारागिरांनी घरगुती झाडझुडीचे यंत्र जोडून हेच काम साधले आहे. ज्यांना इतका खटाटोप नको, ते फोमच्या शीटपासून आरंभ करतात. डोक्याचा घेर मोजून पुठ्ठ्याचे भाग प्रथम कापावेत, चिकटपट्टीने जोडून डोक्यावर घालून पाहावेत आणि नीट बसल्यावरच ते फोमवर उतरवावेत. गरम हवेच्या यंत्राने फोमला गोलाई येते. ती थंड होईपर्यंत हाताने धरून ठेवावी लागते. डिंकाची व रंगाची वाफ बाधक असल्याने हे काम उघड्या जागी करावे, आणि कटर व तापते यंत्र मुलांच्या हाती देऊ नये. मापे घेणे, पुठ्ठा रंगविणे, भागांवर क्रमांक घालणे ही कामे मात्र मुले आनंदाने करतात. डोळ्यांच्या काचांवर श्वासाची वाफ धरते, म्हणून आत छोटासा पंखाही बसवावा लागतो. इतके करूनही ते घालणाऱ्यास समोरचे थोडेच दिसते आणि घामाच्या धारा लागतात.

एवढे कष्ट सोसून हे लोक जातात कोठे? ते रुग्णालयांत आजारी मुलांना भेटतात, सेवाकार्यासाठी निधी जमवितात. वेश घालून येण्याचे पैसे स्वतःसाठी घ्यावयाचे नाहीत, हा त्यांचा नियम आहे. १ जानेवारी २००७ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील प्रसिद्ध ‘रोझ परेड’मध्ये निरनिराळ्या देशांतील सुमारे २०० सभासद चालले. त्या मिरवणुकीच्या अग्रस्थानी चित्रपटाचे जनक जॉर्ज लुकास हे स्वतः होते.

त्या सोहळ्याच्या आधी मात्र जॉन्सन यांच्या घरी वेगळीच वेळ आली होती. त्यांची धाकटी मुलगी केटी हिला मेंदूत गाठ झाल्याचे निदान झाले. त्यावर इलाज उरला नव्हता. चित्रपटात एक छोटा यंत्रमानव झोपलेल्या नायिकेची राखण करतो. आपल्याही उशाशी तसाच एक राखणदार असावा, अशी इच्छा त्या मुलीने बोलून दाखविली.

जशी घरी चिलखते करणारी माणसे आहेत, तशीच घरी हे यंत्रमानव जुळविणारीही आहेत. त्यांच्या कानी ही इच्छा गेली आणि ती कामाला लागली. चित्रपटातील यंत्रमानव निळा-पांढरा. केटीसाठी तो गुलाबी ठरला. नाव ठेवले ‘आर-टू-केटी’. जुलै २००५ मध्ये एक गुलाबी यंत्रमानव तिच्या भेटीस आला आणि तिने त्याला मिठी मारली. ऑगस्टमध्ये ती गेली. तेव्हा ती अवघी सात वर्षांची होती.

राखणदाराने मृत्यू अडविला नाही. ते त्याच्या हाती नव्हते. परंतु आपल्या एका शब्दाखातर कितीतरी अनोळखी माणसे खपली, हे त्या मुलीने डोळ्यांनी पाहिले. ‘आर-टू-केटी’ पुढे आजारी मुलांच्या भेटीस जात राहिला. २०१५ च्या ‘द फोर्स अवेकन्स’ या चित्रपटातही त्याला स्थान मिळाले. घरी केलेली वस्तू अशा रीतीने मूळ चित्रपटाच्या जगात जाऊन बसली.

घरोघरी हौशीने काही ना काही केले जाते. त्यातील पुष्कळसे पहिल्या कौतुकानंतर माळ्यावर जाते. या पथकातील माणसांची शिरस्त्राणे मात्र माळ्यावर जात नाहीत. भेट आटोपून घरी आल्यावर ती आतून पुसली जातात, तडा गेलेली कड चिकटविली जाते आणि पुढच्या रुग्णालयासाठी ती पुन्हा पिशवीत भरली जातात. आतील चेहरा त्या मुलांना कधी दिसलेला नसतो, आणि त्याची खंतही कोणास वाटत नाही. शिरस्त्राण ही उपयोगाची वस्तू आहे, असे न्यायालय म्हणाले. तो उपयोग कोणता, हे त्या मुलांना विचारावे.